पूर मागायला गेलो नृसिंहवाडीला

अर्थशास्त्र शिकवणारा माणूस पुण्यात बसून 'देवा, पूर येऊ दे' म्हणतो, हे काही बरं दिसत नाही. पण मी म्हणालो. हवामान बदलत गेलं तर आर्थिक वाढीचं काय होतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "पुराच्या नुकसानीवर प्रकरण आणा, नाहीतर प्रबंध गुंडाळून ठेवा." आणि पावसाळा मेला कोरडाच चाललेला. शेवटी श्रावणात पेपरात आलं, कृष्णा चढतेय. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

कोल्हापूरला उतरून स्टँडसमोर मिसळ मागवली. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी. मालक म्हणाला, "रडताय काय पावणं, आजून कट (तिखट रस्सा) वाढल्याला न्हाय." तिथून एसटीने वाडी. शिरोळ सोडल्यावर रस्त्याच्या कडेला उसाचे नुसते शेंडे पाण्यावर दिसत होते, आणि मी खिडकीला नाक लावून खुशीत.

वाडीत रडके चेहरे भेटतील अशा तयारीने उतरलो, तर तिथे जत्रा. दक्षिणद्वार लागलं होतं. पुराचं पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून वाहतं, दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात आंघोळ करायला सगळी पंचक्रोशी लोटते. पदर खोचून उभ्या असलेल्या एका बाईंना मी विचारलं, "पुरानं तुमचं नुकसान किती झालं?"

"आत्ता गं बया. आज कोण इचारतं व्हय असं?"

"म्हणजे झालं नाही?"

"न्हाय कसं? मळीतला (नदीकाठच्या रानातला) समदा ऊस पाण्याखाली हाय की."

"आणि तुम्ही आंघोळीला आलात?"

"मग काय देवाशी अबोला धरू? रडायला उद्या हाय. चपला काढा आन् उतरा खाली."

त्यांच्या मालकांनी (नवऱ्याने) माझं बखोट धरलं आणि मला पँटसकट बुडवलं. नाकातोंडात गाळ घेऊन वर आलो, तर पायरीवरच्या चपला गेलेल्या. बाई म्हणाल्या, "झालं की तुमचं बी नुकसान. लिवा." सगळे हसले. मग त्यांची नजर नदीपलीकडे, बुडालेल्या मळीकडे गेली. माझं अख्खं प्रकरण समोर उभं होतं, पण मी आकडे न विचारताच पायऱ्या चढलो.

अनवाणी पुण्याला आलो. सरांनी विचारलं, "आकडे?"

"पाणी उतरलं की परत जातो."

"मग तिथे केलंत काय?"

मी टेबलावर गढूळ पाण्याची बाटली ठेवली. "दक्षिणद्वाराचं तीर्थ." सर उठले, टेबलाखाली चपला काढल्या आणि हात पुढे केला. मुदत मिळाली.

पाणी उतरल्यावर गेलो. बाईंनी मळीतला कुजलेला ऊस दाखवला आणि बांधावर बसून पोटभर रडल्या. मी शेजारी बसून राहिलो. प्रकरण पुढे झालं; चांगलं झालंय म्हणतात.

अजूनही कृष्णा चढतेय असं वाचलं की माझे हात जुळतात. म्हणतो, पाणी देवाच्या दारापर्यंत येऊ दे, पण मळीत नको. देवाच्या दारी पोचण्याआधी पाणी मळी बुडवूनच येतं, हे मला कळतं. तरी मागतो.