साडेपाचच्या एसटीआधीची लढाई

घोडेगावात किराणा दुकानाच्या माडीवर, रिकाम्या गोण्यांवर बसून आम्ही तिघा मित्रांनी चार वर्षं एक खेळ खेळला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि वार लागला की चुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणारा मी. पंचायत समितीत कारकून असल्यामुळे नियमांची बाडं उपसायची सवय होतीच. आता त्या माडीवर तेलाचे डबे असतात, फासा माझ्या कपाटात आहे, आणि रविवारची दुपार झाली की मला अजून चुकल्यासारखं होतं.

ज्याचं दुकान, तो मित्र योद्धा व्हायचा. दुसरा मढचा, भातशेती करणारा, तो वैदू. जुन्नरला एसटी बदलून तो दर रविवारी यायचा आणि परतीच्या साडेपाचच्या एसटीला पळायचा.

सुरुवातीच्या लेव्हलला आमचे वीर तीन कोल्ह्यांना भिऊन झाडावर चढायचे. काय हसायचो! पुढे लेव्हल वाढत गेली तशी योद्ध्याला नवनव्या शक्ती मिळाल्या. कुठली शक्ती कुठलीशी जोडली की वार दुप्पट बसतो, हे दुकानदार गिऱ्हाईक नसताना पुड्यांच्या कागदावर मांडत बसायचा. वैदूने मात्र दर लेव्हलला मिळणारे आपले गुण झाडपाला, दलदलीतल्या वाटा आणि चक्क स्वयंपाक यांवर उधळले होते. पंधराव्या लेव्हलला योद्धा असा झाला, की मी उभा केलेला राक्षस पहिल्याच फेरीत आडवा. वैदूची पाळीच येईना.

मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. मी राक्षस वाढवत नेले. एकदा योद्ध्याला पुरून उरेल असा आणला, तर त्याच्या पहिल्याच फुंकरीत वैदू मेला. मंत्रतंत्र करून त्याला उठवला, पण मढच्या मित्राचा चेहरा उतरला तो उतरलाच.

जिना उतरताना तो म्हणाला, "मी आता येत नाय राव. दोन एसट्या बदलून यायचं आन् तुमची मारामारी बघत बसायचं. त्यापरीस घरी बांध घातल्याला बरा."

तो गेल्यावर मी दुकानदारावर तुटून पडलो. "तुला एकट्यालाच जिंकायचंय का? तो तुटला तर खेळ कसला नि काय!"

तो गोणीच्या सुतळीचं टोक ओढू लागला. मग म्हणाला, "आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण असतं. आई त्याला जेवल्याशिवाय सोडत नाय, आणि एसटी साडेपाचला. लढाई लांबली की तो उभ्या उभ्या दोन घास गिळून पळतो. म्हटलं, पटकन संपवली तर निवांत जेवंल तरी."

मला लाज वाटली. इतके दिवस मी त्याच्या कागदावरचे फक्त आकडे पाहिले होते.

मी मढला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "येडंय ते." येतो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. आठवडाभर माझं कामात लक्ष नव्हतं.

रविवारी तो आला. खांद्याला पिशवी, तिच्यात चादर. "आज मुक्काम हाय," एवढंच बोलला.

मी लढाई भाताच्या खाचरांत मांडली होती. चिलखतातला योद्धा गुडघाभर गाळात रुतला. त्याच्याकडे त्यातूनही उडी घ्यायची शक्ती होती, मला ठाऊक होतं. पण दुकानदाराने कागद उलटा ठेवला. "आधी त्याची पाळी," तो म्हणाला.

वैदू उठला. "वरचा बांध फोडा! पाणी खाली सुटलं की राक्षस बी रुततोय. मंग दोरीनं ह्या योद्ध्याला वढू." आम्ही फासे टाकले, चुकलो, ओरडलो, पुन्हा टाकले. राक्षस निम्मा बुडाला होता तेवढ्यात खालून दुकानदाराच्या आईची, काकूंची हाक आली.

लढाई तशीच अर्धी ठेवून आम्ही जेवायला उतरलो. काकूंनी खिचडीवर तूप घातलं. बाहेरून साडेपाचची एसटी हॉर्न देत गेली. मढचा मित्र मान खाली घालून जेवत होता. त्याने आणखी वाढायला सांगितलं.