‘हात लावू नये’ आणि पाटोद्याची सीताफळं

पाच झाडांची पानं वहीत चिकटवून आणा, असं शाळेनं सांगितलं, तर आमची सात वर्षांची ऋचा कॉम्प्युटरपुढे बसली आणि पानांचे फोटो छापून मागू लागली. “अगं, खाली सोसायटीच्या बागेत जा की,” मी म्हटलं. “हात लावायचा नसतो ना, आई.” माझं डोकंच फिरलं. पोरीला पान तोडायची भीती वाटते? दसऱ्याला जोडून रजा टाकली आणि बीड जिल्हा गाठायचं ठरवलं. पाटोद्याजवळच्या एका गावात नवऱ्याची मावसबहीण राहते, संगीताताई.

पुणे, नगर, जामखेड, पाटोदा. थांबत थांबत सहा तास धरा. जेवण जामखेडलाच उरका, पुढे हॉटेलं तुरळक आहेत.

वाटेत हायवेला एक ‘निसर्ग उद्यान’ दिसलं आणि मीच गाडी थांबवायला लावली. माणशी दोनशे रुपये. आत प्लास्टिकची हिरवळ, सिमेंटचा वड आणि वडाच्या ढोलीत स्पीकर, त्यातून कोकीळ ओरडतेय. पावलागणिक पाट्या: हात लावू नये, चढू नये, पळू नये. एक बाप मुलाला म्हणत होता, “बूट घाण होतील, फोटो काढ आणि चल.” ऋचानं पारंबीवर बोट ठेवलं मात्र, वॉचमननं शिट्टी फुंकली.

“अहो, सिमेंटची आहे ती! काय होणार तिला?”

“रंग उडतो मॅडम.”

आठशे रुपये घालवून... नाही, सहाशे, आम्ही तिघंच होतो, रागानं हिशेबही चुकतो. सहाशे रुपये घालवून आम्ही माझ्या पोरीला शिट्टी ऐकवली.

संगीताताईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “पैसे देऊन सिमिटाचं झाड बघाया गेलतात व्हय? अन् आपला डोंगर काय ओस पडलाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली आणि शेजारच्या कौसाबाईंबरोबर आम्हाला डोंगरावर धाडलं. कौसाबाई शेरडं, म्हणजे शेळ्या, राखतात. दिवाळी झाली की नवराबायको ऊसतोडीला जातात. जाणार असाल तर फुलपँट घाला, कुसळं फार टोचतात, आणि पाणी भरपूर घ्या. वर टपरी नाही. देवाची कृपा.

गायरान सगळं सीताफळीच्या झुडपांनी भरलेलं. कोणी लावलेली नाहीत. “शेरडं याचा पाला खात न्हाईत,” कौसाबाई म्हणाल्या, “म्हनून तर टिकली.” मी अधाशासारखी सुटले. मोठी, हिरवीगार, टणक अशी सात फळं पिशवीत टाकली आणि मोठ्या ऐटीत त्यांना दाखवली.

“आगं बाई! ह्ये कावून तोडलं?” त्या भडकल्याच. “डोळे कुठं उघडल्यात याचे? आता ना पिकायचं ना खायचं. दिवाळीपस्तोर जेवडं पिकंल तेवडंच आमची लेकरं खात्यात, मग आमी कारखान्याला. अन् तुमी कच्चंच वरबाडता!”

मला तोंड वर करवेना. आदल्या दिवशी वॉचमनशी तावातावानं भांडणारी मी ती.

त्यांनी ऋचाला एक फळ दाखवलं. खवल्यांमधल्या भेगा रुंद होऊन पिवळसर पांढऱ्या झाल्या होत्या. “ह्ये डोळे उघडले. आता बोट फिरवून बघ, लेकी.”

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. “आई, हात लावू?”

“आईला काय इचारतीस? हात लावल्याबिगर कळंल का?”

तिनं हळूच बोट ठेवलं. मग दुसऱ्या फळावर, मग तिसऱ्यावर. तासभर ती झुडपाझुडपातून फिरली, हात काळे, गुडघा खरचटलेला, केसांत कुसळं. शेवटी दोनच फळं तोडली. फळाला बोट लावताना प्रत्येक वेळी मात्र आधी माझ्याकडे पाहायची, आणि त्या प्रत्येक वेळी मला स्वतःचा राग येत होता.

पुण्याला घरी आल्यावर सगळी सीताफळं तांदळाच्या डब्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी ऋचाची दोन्ही पिकली, साखरेसारखी. माझी सात काळी ठिक्कर पडली, दगडासारखी. ती फेकताना कौसाबाईंची लेकरं आठवली आणि अगदी लाज वाटली.

ऋचा बिया धुऊन बागेत पेरायला खाली गेली आणि मूठ तशीच घट्ट मिटून परत आली. “तिथे लिहिलंय ना, आई.”

लिहिलेलं होतंच. ‘झाडांना हात लावू नये. मुलांनी मातीत खेळू नये. हुकमावरून, सेक्रेटरी.’ तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरी मी होते. लाल अक्षरंसुद्धा मीच पसंत केली होती. सिमेंटच्या वडाखाली ज्यांच्या नावानं मी बोटं मोडली, त्यांच्या रांगेत पहिला नंबर माझा.

स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली गेले. चेअरमनकाका गॅलरीतून ओरडले, “अहो, ठराव आहे तो!” ओरडू देत. मी शेवटचा स्क्रू काढून वळले, तर ऋचा आळ्याशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. कोपरापर्यंत हात मातीत होते.