आत हिरवं आहे

आमच्या गावात झाड नव्हतं. एकही नाही. तिबेटातल्या चांगथांगच्या पठारावर, साडेचार हजार मीटरवर, गवत येतं तेच पुष्कळ. नगरपालिकेचे साहेब दर उन्हाळ्यात खालून ट्रकभर रोपं आणायचे, फोटो काढायचे, आणि पुढच्या वर्षी त्याच रोपांच्या काटक्या मी टँकरवर टाकून परत न्यायचो. बागखात्यात आम्ही माणसं दोनच. टँकर चालवणारा मी, तोपग्याल, आणि माळीण यांगझोम. गावात कुणाला हसायचं असलं की आमची आठवण व्हायची.

यांगझोमला सगळे आचा म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. पन्नाशीची, मेंढपाळाच्या घरातली, तोंडाने फटकळ. तिशीपर्यंत तिनेही झाड पाहिलेलं नव्हतं. ल्हासाला यात्रेला गेली, तिथे पहिल्यांदा पानांच्या सावलीत बसली आणि परत आली ती थेट बागखात्यात जाऊन उभी राहिली. बाग नसलेल्या गावात माळीण व्हायला आलेली बाई पाहून साहेब इतके चकित झाले की त्यांनी तिला ठेवूनच घेतलं.

तिचं म्हणणं असं, की इथली झाडं थंडीने मरत नाहीत, तहानेने मरतात. हिवाळ्यात जमिनीचा दगड होतो, मुळांना थेंब मिळत नाही, आणि वारा मात्र फांद्यांतलं पाणी पीतच राहतो. म्हणून त्या वर्षी तिने शंभर रोपांचा नाद सोडला आणि एकच वाळुंजाचं रोप धरलं. जमीन गोठेपर्यंत रोज माझ्याकडून पाणी ओतवून घेतलं. मग खोडाला याकच्या लोकरीचं कापड गुंडाळलं आणि वाऱ्याच्या अंगाला शेणाच्या गोवऱ्यांची छातीएवढी भिंत रचली. ती भिंत पाहून अर्ध्या गावाला आपापली चूल आठवायची, ते वेगळं.

पहिल्या उन्हाळ्यात पान कुठलंही झाड देतं, खालून आणलेल्या शिदोरीवर. खरी परीक्षा दुसऱ्या उन्हाळ्याची. मे संपत आला तेव्हा एका दुपारी तिने वीतभर कापड सोडलं आणि नखाने साल जरा खरवडली.

"तोपग्याल, खाली उतर," ती म्हणाली. "बघ, आत हिरवं आहे."

खरंच होतं. ओलं, चकचकीत हिरवं. मी चाळिशीचा बाप्या, पण मला राहवेना. मीही थोडं खरवडून पाहिलं. मग आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. ती तशीच चहाच्या दुकानात जाऊन सांगून आली आणि मी टँकर जाईल तिथे सांगत गेलो. आमच्या दोघांच्याही तोंडात तीळ भिजला नाही.

ज्या गावाला झाडच ठाऊक नाही, त्याला झाडाशी वागायचं कसं हे कुठून ठाऊक असणार? आम्ही घरी गेल्यावर सगळे आले. शाळेतली पोरं, दुकानदार, घोड्यावरून आलेले मेंढपाळ. त्यांनी कापड सोडलं, भक्तीने नमस्कार केला आणि ज्याने त्याने आपापल्या नखाने आतलं हिरवं पाहून घेतलं. एका म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, त्याने सुरी वापरली.

सकाळी पाहिलं तर कमरेखाली खोड पांढरं पडलेलं. साल चहूबाजूंनी गेली तर झाड संपलं, हे मलाही एव्हाना कळत होतं. फक्त भिंतीच्या अंगाला, जिथे कुणाचा हात पोचत नव्हता, तिथे दोन बोटांची पट्टी शिल्लक होती. मला वाटलं, आता आचा गावाचा उद्धार करणार. ती खालीच बसली.

"पहिलं नख कुणाचं?" एवढंच म्हणाली. मी मान खाली घातली, कारण दुसरं माझं होतं.

मग तिने माती, शेण आणि लोणी कालवून खोडाला जाड लेप दिला, कापड पुन्हा गुंडाळलं आणि बापाची गोफण घेऊन झाडापाशी ठाण मांडलं. साहेब पाहायला आले, त्यांचा हात आपसूक पुढे झाला. "साहेब, हात खिशात," असं म्हणून तिने गोफणीत दगड घातला. साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले.

असे अठरा दिवस. तिचा सातूच्या पिठाचा त्साम्पा नि लोण्याचा चहा मी तिथेच पोचवायचो आणि रोज विचारायचो, काही दिसतंय का.

"बायको पोटुशी होती तेव्हाही रोज विचारायचास का, झालं का म्हणून?"

"हो," मी म्हणालो.

"बिचारी."

एकोणिसाव्या सकाळी मी पोचलो तर आचा उभी होती आणि गोफण जमिनीवर पडली होती. त्या दोन बोटांच्या पट्टीच्या वरच्या फांदीवर एक पान उघडलं होतं. नखाएवढं. मी टँकरचा भोंगा वाजवत अख्ख्या गावातून फिरलो. लोक अर्धवट जेवणं टाकून धावत आले. आणि कुणी सांगितलं नव्हतं, तरी झाडून सगळ्यांनी आपले हात अंगरख्याच्या लांब बाह्यांत ओढून घेतलेले. म्हाताऱ्यांनी लांबूनच झाडाला तीन प्रदक्षिणा घातल्या. मी रडलो, त्यात लाज कसली!

गर्दी पांगल्यावर मी म्हणालो, "आचा, तू तरी हात लाव. झाड तुझंच आहे."

तिने आपले हात बाह्यांत आणखी आत ओढले.

"नको," ती म्हणाली. "माझाच मला भरवसा नाही."

मग ऊन चढलं म्हणून तिने मला पाण्याचा पाइप आणायला पिटाळलं.