तांदळाचं धुवण

गावात कुणी बाळंत झालं की आत्या बाळाकडे बघायच्या आधी पाणी मागायची. प्यायला नव्हे. पदराआडून आणलेल्या आपल्या पितळी पेल्यात ती पाणी घ्यायची आणि बाळंतिणीला त्यात चार थेंब दूध पिळायला लावायची. थेंब तळाला गेला तर ठीक. वरच्यावर पसरला की बायकांच्या देखत निकाल लागायचा, "ह्ये दूध न्हाई बाय, तांदळाचं धुवण हाय."

आत्या म्हणजे माझी सासू. आमच्या बेडशात सासूला आत्याच म्हणतात. उंच, काटक, भातलावणीत दोन बायकांचं काम एकटीनं उरकणारी. कुणाला रडवून झालं की वर म्हणायची, "मी वंगाळ बोलते, पर खोटं बोलत न्हाई." गाव ते मानायचं. कामशेतच्या शाळेत विज्ञान शिकवणारी मी, पण माझी वेळ आली तेव्हा मीसुद्धा निमूटपणे त्या पेल्यावर वाकले.

माझा थेंब पसरला. (पुढे एकदा मी शेळीचं दूध टाकून पाहिलं, तेही पसरलं.)

माझी लेक मनू छातीला लागायची, टक टक आवाज करायची, सुटायची, दोन मिनिटांत झोपायची आणि पुन्हा भुकेनं किंचाळत उठायची. मला चिरा पडल्या, रक्त यायला लागलं. "दूध न्हाई म्हून रगात पाजतीस व्हय?" आत्या म्हणाली. तिनं दारात शेळी आणून बांधली. बारशाला तर माझ्या आईसमोरच बोलली, "सून शिकल्याली हाय, पर आतनं रिकामी." आई खाली बघत पेढे वाटत राहिली. तिसऱ्या आठवड्यात मनूचं वजन जन्मापेक्षा कमी भरलं, तेव्हा मी कुणाला न विचारता तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सनं माझं दूध तपासलंच नाही. "पाजून दाखवा," म्हणाली, आणि शांतपणे बघत बसली. मग हात धुऊन तिनं मनूच्या जिभेखाली बोट घातलं. मनू रडली तेव्हा मलाही दिसलं: जिभेचं टोक मधोमध आत ओढलेलं, खाच पडल्यासारखं. खालच्या पातळ पडद्यानं जीभ जखडली होती, हिरडीच्या पुढे येतच नव्हती. "दूध आहे तुम्हाला. हिला ओढता येत नाही," नर्स म्हणाली. असा पडदा प्रत्येक बाळाचा कापावा लागत नाही, हिचा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. क्षणाचं काम. त्याच खुर्चीत मी मनूला पुन्हा पाजलं आणि पहिल्यांदा तिचा घोट ऐकला. दूध भरून यायला पुढे तीन आठवडे लागले, पण आलं.

घरी आले तेव्हा आत्या अंगणात तांदूळ पाखडत होती. मला तिला हरवायचं होतं, हे कबूल करते. कापायच्या आधी काढलेला मनूच्या जिभेचा फोटो मी तिच्यापुढे धरला. तिनं मोबाईल लांब धरून खूप वेळ पाहिलं.

"माज्या येसूची अशीच हुती," ती म्हणाली.

येसू तिची पहिली मुलगी, दोन महिन्यांची होऊन गेलेली. तेव्हा हाच पेला तिच्या सासूनं तिच्यापुढे धरला होता, आणि हिनं लेक उपाशी मारली असं गाव म्हणालं होतं. पुढच्या दोन मुलांना आत्यानं छातीला लावलंच नाही. त्यातला एक माझा नवरा. हे सगळं मला ठाऊक होतं.

"टक टक आवाज यायचा?" मी विचारलं.

"व्हय."

"दोन मिनिटांत झोपायची?"

"व्हय."

तिथे थांबता आलं असतं. तेव्हा कुणालाच कळलं नाही, तुमचा काय दोष, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य ओठांवर आलंही होतं. मी म्हणाले, "म्हणजे तुमचं दूध चांगलं होतं, आत्या. येसूचं तोंड उघडून कुणी बघितलं असतं तर ती जगली असती."

तिनं सूप खाली ठेवलं. "आन् मी ज्यांना धुवण म्हनले, त्यांचं?"

"पेल्यात कुणाचंच कळत नाही."

त्यानंतर आत्या कुठल्याच बाळंतिणीकडे गेली नाही. मनू दोन वर्षांची झाली तरी रोज तिची हनुवटी धरून जिभेखाली बघायची. मला कधी वाकडा शब्द बोलली नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. तिनं माझा हात बाजूला केला, उशाखालून तो पेला काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"वंगाळ बोललीस त्या दिशी, पर खोटं न्हाई बोललीस," ती म्हणाली. "माज्या सासूनं मला दिला. ह्यो आता तुजा."

मी तो घेतला.