उजव्या इंजिनावरची ताडपत्री

ऊन असो नसो, तांडेल उजव्या हाताचा पंजा कपाळाला लावल्याशिवाय कशाकडेही बघत नसत. समुद्राकडे तर नाहीच. भर पावसात, ढगाने काळोखी आलेली असतानाही पंजा वर जायचा. ऑफिसातल्या भिंतीवरची तारीख बघायची झाली तरी तेच. आणि मग मागे न वळता प्रश्न यायचा, "बघलंस, की नुस्तं लिवलंस?"

प्रश्न मला असायचा. रत्नागिरीजवळच्या एका जेटीवर मच्छीमारांची सोसायटी आहे, तिथे मी कारकून. कुठली बोट किती खलाशी घेऊन गेली, कधी आली, हे नोंदवहीत लिहिणं माझं काम. तांडेल देखरेखीला. पंचवीस वर्षं त्यांनी बोट चालवली, मग दोरखंडात पाय अडकून गुडघा गेला आणि ते किनाऱ्यावर आले. समुद्र सुटला, तांडेल हे नाव सुटलं नाही. अशा एखाद्या जेटीवर तुम्ही गेला असाल, तर प्लॅस्टिकच्या कॅनवर बसून काही न करता सगळं बघणारा एक माणूस तुम्हालाही दिसला असेल. रिकामा दिसतो. रिकामा नसतो.

मी पालीचा. घाटाकडच्या रस्त्यावरचं गाव. त्यामुळे मी पालीकर. "पालीकराला समुद्र फक्त ताटात ठाऊक," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि ते खरंच होतं. बोटीत बसायची वेळ आली की मी आजही दुसरं काहीतरी काम काढतो.

नोकरीला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पाऊस होता. खिडकीतून एका बोटीचा केशरी बावटा दिसला, मी वहीत 'आली' लिहिलं आणि चहा ओतून घेतला. दुपारी एका खलाशाची बायको आली. "आली म्हणता, मग माझा माणूस कुठाय?" तांडेलांनी वही बघितली, मला उठवलं आणि जेटीच्या टोकापर्यंत नेलं.

"दाखव."

मी दाखवला तो बावटा दुसऱ्याच बोटीचा होता. जी यायची होती ती इंजिन बंद पडून बाहेर वाहवत चालली होती, आणि वहीत ती आलेली असल्यामुळे सकाळपासून कोणी तिला शोधायला गेलं नव्हतं. दोन बोटी धावल्या. तांडेलांनी मला त्या बाईच्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, "बोट दिसेपर्यंत उठायचं नाय." दिवस मावळताना बोट ओढून आणली तेव्हा ती बाई उठली, पदर झटकला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. त्यानंतर रोज तो प्रश्न. पंधरा-सोळा वर्षं.

त्यांची मुलगी पूर्वा. बारावीला तिचं गणित आणि फिजिक्स उत्तम होतं, आणि तिला विमान चालवायचं होतं. वाडीत सगळ्यांना गंमत वाटली. तांडेलांना वाटली नाही. पायलटच्या परवान्याचे लेखी पेपर तिने घरी बसून, मोबाइलवर शिकून दिले आणि पास झाली. आता दोनशे तास उडायचं होतं, आणि त्यासाठी फ्लाइंग स्कूल निवडायचं होतं.

परवान्याच्या जोडीला इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं, हे तिने जेटीवर बसून आम्हाला समजावलं. ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही. अंग सांगतं आपण सरळ आहोत, आणि विमान कललेलं असतं. तेव्हा अंगाचं ऐकायचं नाही, समोरच्या काट्यांचं ऐकायचं. ते शिकायला दोन इंजिनांचं विमान लागतं, आणि हे रेटिंग नसेल तर नुसता परवाना असून नोकरी मिळत नाही.

"म्हणजे होकायंत्र," तांडेल म्हणाले. "धुक्यात डोळा फसवतो, होकायंत्र नाय फसवत. ह्ये तर माझ्या आज्याला पण ठाऊक व्हतं."

"पणजोबा विमान चालवायचे का बाबा?"

"चालवलं असतं. कोण देतोय?"

दोन स्कूलं तिच्या मनात होती. एक आपल्याच राज्यातलं, लहान. दुसरं परराज्यात, मोठं. वेबसाइटवर पांढऱ्या गणवेशातली मुलं आणि ओळीने उभी नऊ विमानं. तांडेलांनी तो फोटो पंजा कपाळाला लावून बघितला. "ही तर हुबी हायत. बंदरात हुब्या बोटी कोण मोजतो? भायेर किती गेल्या ते सांग."

आणि त्यांनी सोसायटीतली एक कोरी वही घेतली, रकाने पाडले: विमान, उडालं, उतरलं, उभं का. लहान स्कूलला ते स्वतः गेले. कुंपणापाशी तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, छत्री उघडून. पहारेकऱ्याने विचारलं काय करताय, तर म्हणाले, "बोटी मोजतोय." तिसऱ्या दिवशी तिथल्या एका शिकवणाऱ्यानेच त्यांना आत नेऊन चहा पाजला. पाच विमानं, रोज चार उडतात. पत्र्याचं छप्पर, डाळ पातळ. पण दोन इंजिनांचं विमान नाही. त्यासाठी शेवटी मुलांना दुसरीकडे पाठवतात.

मोठ्या स्कूलकडे ते होतं. तिथे सगळं एका जागी झालं असतं. पूर्वाचा ओढा तिकडे होता.

परत आले तेव्हा तांडेलांचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. त्याच आठवड्यात मी त्या परराज्यातल्या शहरात मेहुण्याच्या मुलाच्या लग्नाला निघालो होतो. वही त्यांनी माझ्या हातात दिली.

"पालीकर, तीन दिवस बस. बाकी काय नाय बघलंस तरी चालंल. तो दोन इंजिनवाला उडताना बघ. उडला तर पोरगी तिकडं, नाय तर हिकडं."

याहून साधं काम मला आयुष्यात कोणी सांगितलेलं नाही.

मी गेलो. पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला कुंपणाबाहेर उभा राहिलो. दहा वाजले, काही उडालं नाही. ऊन चढलं. साडेदहाला आतून एक टायवाला तरुण आला आणि मला 'सर' म्हणून थंड खोलीत घेऊन गेला. "मुलीसाठी आलात का सर?" मी हो म्हणालो. मला मूलबाळ नाही. तिथे त्या गार खोलीत कोणाच्या तरी मुलीसाठी आलेला माणूस होऊन बसायला मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

मग त्याने विमानं दाखवली. दोन इंजिनांचं विमान शेडमध्ये होतं. मी त्याला हात लावला. उजव्या इंजिनावर निळी ताडपत्री होती, सुतळीने घट्ट बांधलेली. "धूळ बसू नये म्हणून सर," तो म्हणाला.

मी जेटीवर पंधरा वर्षं काढलेला माणूस. पावसाळ्याआधी बोटी वर ओढून शाकारतात ते मी दर वर्षी बघतो. इंजिनावर ताडपत्री बांधलेली बोट उद्या समुद्रात जाणार नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरदेखील सांगेल. आणि धूळ एकाच इंजिनावर बसते का? पण मी मान हलवली. सुतळीवर कोळ्याचं जाळं होतं. तेही मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोबरोबर बाजारात गेलो. कारण? कंटाळा आला. इतकी वर्षं मी याहून मोठं कारण शोधतोय, मिळत नाही. परतीच्या गाडीत पेन काढलं आणि एका बैठकीत तीन दिवस भरले. सात विमानं उडवली. वेळा मागेपुढे केल्या, एकाच्या पुढे 'उभं: चाक' असं लिहिलं, खरं वाटावं म्हणून. आणि दोन इंजिनांच्या विमानापुढे: उडालं ९.४०, उतरलं ११.०५.

तांडेलांनी वही घेतली. पंजा कपाळाला लावला. "बघलंस, की नुस्तं लिवलंस?"

"बघितलं."

"दोन इंजिनवाला?"

"लिहिलंय की तांडेल. दीड तास होतं वर."

त्यांनी वही मिटली आणि घरी हाक मारली, "पूर्वा, तुझी मोठी शाळा!"

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवलं तर मी त्यात पुन्हा स्वतःसाठी जागा करीन. नऊपैकी दोन विमानं उडत होती. मुलं चाळीस. सहा महिन्यांत पूर्वाचे अकरा तास झाले. दोन इंजिनांच्या विमानाच्या उजव्या बाजूला ताडपत्रीखाली इंजिनच नव्हतं. ते दुरुस्तीला गेलं होतं आणि कुठला तरी भाग परदेशातून यायचा होता. पास झालेल्या पेपरांना मुदत असते. ती मुदत चालली होती आणि मुलगी खाटेवर बसून होती.

एका दुपारी तिचा मला फोन आला. "काका, बाबांना सांगू नका फोन केला म्हणून. तुम्ही आलात तेव्हा खरंच सात उडत होती?"

मागे कुठेतरी पंखा घरघरत होता. मी म्हणालो, "तेव्हा उडत होती गं."

"आणि ते दोन इंजिनांचं?"

"तेही."

"बरं," ती म्हणाली.

महिन्याभराने तांडेल पाच दिवस रजेवर गेले. "लेकीला भेटून येतो." आले तेव्हा काठी हातात होती. मी दोन दिवस त्यांच्या समोर जाण्याचं टाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दोन चहा मागवले. माशांचं बोलले, डिझेलचं बोलले, बर्फाच्या गाडीला शिव्या घातल्या. पूर्वा आता लहान स्कूलला जाणार, तिथे रांग आहे, तोवर घरी येईल, एवढंच सांगितलं. तिकडचं आणि रांगेतलं मिळून दीड वर्ष फुकट जाणार, असं ते म्हणाले नाहीत. ते मी मोजलं.

पण एक गोष्ट थांबली. मी वही पुढे केली की ते सही करायचे आणि परत द्यायचे. तो प्रश्न नाही. दुसऱ्या कारकुनाला विचारायचे, बर्फवाल्याला विचारायचे, सोसायटीच्या चेअरमनला एकदा भर सभेत विचारला. मला नाही. मी वही देऊन मुद्दाम घुटमळायचो. पंजा वर जायचा, नजर समुद्रावर, आणि मी आपला वाट बघत उभा. मग ते म्हणायचे, "काय रे, अजून काय?"

"काही नाही तांडेल."

त्या काळात मला घरात बसवत नव्हतं आणि जेटीवर उभं राहवत नव्हतं. खुर्ची बदलून घेतली, खिडकी उघडी ठेवून बघितली, बंद ठेवून बघितली. दहा वेळा तोंड उघडलं. एकदा तर "तांडेल, ती वही..." इथपर्यंत आलो. त्यांनी लगेच हात वर केला. "चहा थंड व्हतोय."

बोटी शाकारलेल्या असताना, आषाढात ते गेले. हृदय बंद पडलं. पूर्वा तेव्हा लहान स्कूलला शेवटचे तास पुरे करत होती. चार महिन्यांनी तिला परवाना मिळाला, आणि दुसरीकडे जाऊन रेटिंगही झालं. तांडेलांनी तिला आकाशात बघितलं नाही. ते दीड वर्ष फुकट गेलं नसतं, तर बघितलं असतं.

गेल्या महिन्यात ती जेटीवर आली. बोटी निघायची वेळ होती. पेढे दिले आणि पिशवीतून ती वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. पहिली तीन पानं तांडेलांची, लहान स्कूलची, खाली सही. मग माझी तीन पानं. एकाच शाईची, एकाच दाबाची, कुठे घामाचा डाग नाही. खाली सहीची जागा कोरी. मग पुन्हा त्यांचं अक्षर. मोठं स्कूल, तीन दिवस. पहिला दिवस: उडाली दोन. दुसरा दिवस: उडालं एक. तिसरा: उभी नऊ, उडालं काही नाही. 'ताडपत्री हाय. सुतळीवर जाळं.' खाली सही.

"मी बघितलं नव्हतं पूर्वा," मी म्हणालो. "नुसतं लिहिलं. आणि फोनवरही..."

"माहीत आहे. बाबा तिकडे तीन दिवस बसले, तेव्हाच त्यांना कळलं होतं. मी त्यांना म्हटलं होतं, काकांना विचारते समोरासमोर. तर म्हणाले, एकदा खोटं लिवलान, एकदा खोटं बोललान. तिसऱ्यांदा बोलायला लावू नको, मग त्याला माझ्यासमोर चहा पिता येणार नाय."

मी सहीच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"मी बाबांइतकी चांगली नाही काका. मी खूप चिडले होते. अजून आहे थोडी."

"असू दे," मी म्हणालो. "राहू दे तशीच."

ती दारापर्यंत गेली. बाहेर इंजिनं धडधडत होती, एकेक बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडत होती. तिथे थांबून तिने आजच्या उघड्या वहीकडे मान वळवली. "किती गेल्या आज?"

"अकरा."

तिचा पंजा कपाळाला गेला. ऊन कधीच उतरलं होतं. समुद्राकडे बघत, मागे न वळता तिने विचारलं,

"बघलंत, की नुस्तं लिवलंत?"

मी पेन खाली ठेवलं, उठलो आणि मोजायला जेटीच्या टोकाकडे चालू लागलो.