डिस्क काढून देणारा

एका सोमवारी सकाळी पत्नी वारली. कामठा, बिरसी या गावांकडे फिरून तिने वह्यांत उतरवून घेतलेली आणि टाइप केलेली लग्नातली गाणी तिच्या लॅपटॉपमध्ये राहिली.

उरलेल्या वह्या मी टाइप करायला घेतल्या, पण लॅपटॉप एका ओळीला पाच मिनिटं लावू लागला. जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी हलकं लिनक्स वीस मिनिटांत बसतं, असं एका लेखात वाचलं आणि आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. आत पत्नीची गाणी आहेत, हेही त्याला सांगितलं.

तो ओठांत स्क्रू धरून मशीनशी बोलतो, गिऱ्हाइकाशी क्वचित. पहिल्या दिवशी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरूच होईना. दुसऱ्या दिवशी सुरू झालं, तर वायफाय दिसेना.

"वायफायले ड्रायव्हर पाहिजे, अन् ड्रायव्हर आणाले वायफाय पाहिजे म्हणते! याले अक्कल आहे का, काकाजी?"

मी त्याला तो लेख पुन्हा वाचून दाखवला.

"लिहिणाऱ्यालेच बसवा ना मंग इथं."

तिसऱ्या दिवशी पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: सगळी डिस्क पुसून लिनक्स बसवायचं का? मी पार वैतागलो होतो. म्हणालो, "दाबा एकदाचं."

त्याने हात मागे घेतला. "काकीजीचे गाणे दुसरीकडे उतरवले का?"

"नाही."

"मंग कायले दाबू?"

त्याने लॅपटॉप बंद करून उलटा केला, स्क्रू काढले आणि डिस्क माझ्या हातावर ठेवली. "हे घरी न्या. मी दुसरी टाकतो. तिच्यावर याले काय पुसाचं ते पुसू द्या."

लिनक्स अजून बसलेलं नाही. डिस्क माझ्या टेबलाच्या खणात आहे.