एक तास पन्नास मिनिटांचा नमुना

माझ्याकडे दोनशेच्या वर व्हिडिओ गेम आहेत आणि त्यातले मी अकरा खेळलो आहे. आज हे निर्लज्जपणे लिहितोय, पण बरीच वर्षं मी ही गोष्ट घरात कोणाला कळू दिली नव्हती. ऑनलाइन विकत घेतलेले गेम दिसत नाहीत, धूळ खात नाहीत, त्यांच्यासाठी सुताराकडून फळ्या ठोकून घ्याव्या लागत नाहीत. लपवायला याच्याइतकं सोपं व्यसन नाही.

दोष हिंजवडीच्या बसचा. धायरीहून कंपनीची बस सकाळी निघायची आणि वाकडच्या अलीकडे एकदा अडकली की अर्धा अर्धा तास जागची हलायची नाही. बाकीचे तोंड उघडं टाकून झोपायचे. मी फोनवर गेमचं दुकान उघडायचो. वर्षातून दोन-तीनदा तिथे मोठा सेल लागायचा आणि सत्तर टक्के, ऐंशी टक्के सवलत दिसली की माझ्या डोक्यात मिसळीचं माप सुरू व्हायचं. हा गेम तीन मिसळींचा, हा दोन मिसळींचा, आणि हा तर एकाच मिसळीत, तीही जादा पावाशिवाय. एका मिसळीत चाळीस तासांची करमणूक! न घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा वाटायचा. घेऊन न खेळणं हाही मूर्खपणाच, हे मात्र बसमध्ये कधी सुचलं नाही. घरी पोचेपर्यंत अंग असं आंबलेलं असायचं की राक्षस मारणं राहू द्या, डास मारायचीही ताकद उरायची नाही.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला बाबा आमच्याकडे राहायला आले.

बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. आई गेल्यावर सहा वर्षं ते शनिवार पेठेत दोन भाड्याच्या खोल्यांत एकटेच राहत होते. आता ती इमारत पाडून नवी व्हायची होती. तिथून दोन बोळ पलीकडे ओळखीच्या माणसाची एक खोली रिकामी होती. बाबांनी त्या मालकांना सांगितलं, "महिन्याभरात कळवतो." आणि आम्हाला सांगितलं, "महिनाभर धायरीला राहून बघतो. नमुना म्हणून."

बायकोला हे लागलं. मला नवल वाटलं नाही, कारण बाबांनी आयुष्यात नमुना पाहिल्याशिवाय काहीच घेतलेलं नाही. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायचा असे, तेव्हा ते पाच दुकानांतून पाच कागदी पुड्या आणत. प्रत्येक पुडीवर दुकानाचं नाव. आई रोज एका पुडीचा गहू दळून सकाळी दोन पोळ्या करायची, पण त्या सकाळी कोणी खायच्या नाहीत. "गरम पोळी कुठल्याही गव्हाची छान लागते," बाबा म्हणत. संध्याकाळपर्यंत जी मऊ राहील तिचा गहू घ्यायचा. पाच दिवस आम्ही गार पोळ्या चावून मत देत असू आणि मग एकदाचं पोतं घरी यायचं.

धायरीत या माणसाला निवडायला काही उरलंच नाही. भाजी मोबाइलवरून यायची, धान्य पाच-पाच किलोच्या बंद पिशव्यांतून यायचं. बाबा एक पिशवी हातात धरून बाहेरूनच चाचपून बघायचे आणि परत ठेवायचे. दुपारभर गॅलरीत बसायचे. पेठेत त्यांना कट्ट्यापर्यंत जायला पाच मिनिटं लागत आणि परत यायला दोन तास, कारण वाटेत माणसं भेटत. इथे सोसायटीच्या गेटपर्यंत जायलाही पाच मिनिटं लागत आणि परत यायलाही पाचच. ते राहणार नाहीत असं मला दिसत होतं आणि त्यांनी राहावं असं फार वाटत होतं. सांगता मात्र येत नव्हतं. आमच्या घरात असलं काही तोंडाने बोलायची पद्धत नाही.

अशात डिसेंबरचा सेल लागला. रविवारी मी हॉलमधल्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडून यादी चाळत होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हे सगळं तुझं?"

"हो."

"यातले खेळलास किती?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण तोंडून खरं निघून गेलं. "अकरा."

"मग बाकीचे कशाला घेतले?"

"स्वस्त होते."

"रद्दीही स्वस्तच असते," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

त्या दिवसापासून प्रत्येक गेमची चौकशी समिती बसायला लागली. समितीत एकच सभासद. यात काय करायचं असतं, हे मी एका वाक्यात सांगायचं. "यात आपण शेतकरी असतो, नांगरणी-पेरणी करायची." बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पैसे देऊन दुसऱ्याचं शेत नांगरायचं?" दुसऱ्यात ट्रक चालवत माल पोचवायचा होता. "रोज चार तास बसमध्ये बसतोस ते पुरत नाही वाटतं." तिसऱ्यात पाण्याच्या फवाऱ्याने लोकांची मळकी अंगणं धुवायची होती. यावर बाबांनी फक्त आमच्या गॅलरीकडे पाहिलं.

मग माझ्या तोंडून ते निसटलं. घेतलेला गेम दोन तासांच्या आत खेळून आवडला नाही तर परत करता येतो.

"परत घेतात?"

"घेतात."

"कारण न विचारता?"

"विचारतात, पण काहीही लिहिलं तरी चालतं."

बाबांचा विश्वास बसेना. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही पाटी वाचत ज्याचा जन्म गेला, त्याला हे दुकान चालवणारे वेडे वाटले. खात्री करायला त्यांनी शेतीचा गेम घ्यायला लावला, थोडा खेळला आणि परत करायला लावला. पैसे परत आले. इतक्या दिवसांत बाबा पहिल्यांदा पोटभर हसले.

दुसऱ्या दिवसापासून मी हिंजवडीला आणि बाबा कामाला. मी बसमधून एखादा गेम घ्यायचो, ते घरी तो तपासायचे. रिफंडचं बटण मीच त्यांना दाखवलं होतं, ही माझी चूक. बायकोने केकसाठी आणलेला टायमर ते एक तास पन्नास मिनिटांवर लावायचे, दहा मिनिटं हाताशी ठेवून. मग कंट्रोलर दोन्ही हातांत पूजेच्या ताम्हनासारखा धरून बसायचे. टायमर वाजला की गेम बंद, वहीत शेरा, गेम परत. संध्याकाळी मी आलो की वही माझ्यापुढे यायची.

'ट्रकचा खेळ. रस्त्याला एक खड्डा नाही. खोटा वाटतो. परत.'

'भुताचा खेळ. भूत बरं आहे, पण सगळं अंधारात. चष्म्याचा नंबर वाढेल. परत.'

'तलवारीचा खेळ. नायकाला एक काम सांगितलं की तो वाटेत भेटलेल्या भलत्याच माणसाचं काम करायला निघतो. आमच्या कचेरीत असे दोघे होते. परत.'

मला मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू. बसमध्ये मी सहकाऱ्यांना ते शेरे वाचून दाखवायचो. आठ-नऊ दिवसांनी दुकानाचं पत्र आलं: ही सोय गिऱ्हाइकाचा धोका कमी व्हावा म्हणून आहे, आपण तिचा गैरवापर करत आहात असं दिसतं, असंच चालू राहिलं तर ती बंद करावी लागेल. बाबांना गैरवापर हा शब्द झोंबला. त्यांनी उत्तर सांगायला घेतलं आणि मी टाइप केलं. "महोदय, मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली असून माझ्यावर एकही ताशेरा नाही. नमुना न पाहता माल घेणे आपल्याकडे चालत असेल, आमच्याकडे चालत नाही." त्याचं इंग्रजी करताना मला घाम फुटला. दोन मिनिटांत उलट उत्तर आलं की आपली अडचण दूर झाल्याचा आम्हाला आनंद आहे.

"न वाचता उत्तर दिलंय," बाबा म्हणाले. "आपल्यातलाच दिसतोय."

आता मात्र थांबा, असं मी त्यांना हसत हसत सांगितलं. एक गेम मी तीन वर्षं नजरेत ठेवला होता. त्याची किंमत सोळा मिसळींच्या खाली कधी आलीच नव्हती. सेल संपायला चार दिवस उरले असताना ती सहा मिसळींवर आली. मी तो बसमध्येच घेतला आणि शनिवारी निवांत बसून खेळायचं ठरवलं. शुक्रवारी घरी आलो तर गेम गायब. वहीत लिहिलं होतं: 'मोठा खेळ. पहिला अर्धा तास उत्तम, मग तेच ते. गरम पोळी. परत.'

मी भडकलो. दिवसभरात साहेबाने दोनदा झापलं होतं, बस वाकडला सव्वा तास अडकली होती, आणि ते सगळं मी बाबांवर काढलं. "तुम्हाला सगळं परतच करायचं असतं! काहीतरी ठेवायचंही असतं हो माणसाने!"

"खरं आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

शनिवारी सकाळी त्यांचा फोनवरचा आवाज मला आतून ऐकू आला. "खोली ठेवा. रविवारी संध्याकाळपर्यंत नक्की सांगतो." मी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "दिवसभर त्यांना एकट्याने खेळायला बसवतोस, मग रात्री वही तपासतोस. तू त्यांचा मुलगा आहेस की हेडक्लार्क?"

मी पुन्हा यादी उघडली. यावेळी सवलत बघितली नाही, मिसळ मोजली नाही. एकट्याला खेळताच येणार नाही असा गेम शोधत होतो. एक सापडला. दोघांनी मिळून लोकांचं घरसामान हलवायचं आणि वेळेत टेम्पोत भरायचं, एवढाच खेळ. त्यावर एक पैसाही सवलत नव्हती. घेतला. लग्नाआधी घेतलेला दुसरा कंट्रोलर खोक्यातच पडून होता, तो काढला.

रविवारी जेवणं झाल्यावर मी बाबांना म्हटलं, "एक नमुना आहे. पण याला दोन माणसं लागतात."

त्यांनी टायमर लावला.

पहिली दहा मिनिटं आम्ही एक सोफा दारातून बाहेर काढत होतो. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. "आडवा नको, उभा कर! तुझी बाजू खाली घे. खाली म्हणतोय ना!"

"बाबा, तुम्ही भिंतीत घुसलाय."

"भिंत मधे आलीय. मी बरोबर आहे."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हळू. शेजारचे विचारायला येतील, कुठे निघालात म्हणून." पण बाबांना ऐकू येत नव्हतं. शेवटी सोफा निघाला, फ्रिज निघाला, एक माशांची काचेची पेटी माझ्या हातून फुटली आणि त्याबद्दल मला सरकारी भाषेत समज मिळाली. मग वरच्या मजल्यावरचं घर आलं. अरुंद जिना आणि एक लोखंडी कपाट.

बाबा थबकले. "हे तर माझंच कपाट आहे."

ते शनिवार पेठेतून निघाले त्या दिवशी मी हिंजवडीत क्लायंटच्या कॉलवर होतो. सामान हलवणारी माणसं मी फोनवरून ठरवली होती, पैसेही फोनवरूनच दिले होते. आईचं असंच लोखंडी कपाट तिथल्या अरुंद जिन्यावरून उतरवताना खाली उभं राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणायला बाबा एकटे होते. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आत्ता मला त्याची फार लाज वाटली.

"बाबा, त्या दिवशी मी यायला हवं होतं," मी म्हणालो.

"आत्ता आलायस ना? मग वरची बाजू धर. मी खाली राहतो."

एकेक पायरी करत आम्ही उतरायला लागलो. कपाट वळणावर अडकलं. बाबा तिरकं कर म्हणत होते, मी तिरकं करत होतो, आणि तेवढ्यात टायमर वाजला. एक तास पन्नास मिनिटं. मी सवयीने त्याच्याकडे हात नेला.

"सोडू नकोस!" बाबा ओरडले. "कपाट पडेल. वाजू दे त्याला."

तो वाजून वाजून आपोआप बंद झाला. दोन तास उलटले, अडीच झाले. कपाट टेम्पोत चढलं तेव्हा बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला, घाम पुसला आणि खोलीच्या मालकांना फोन लावला.

"खोली द्या दुसऱ्या कोणाला," ते म्हणाले. "नाही हो, भाड्याचं काही नाही. माझ्या कपाटाला वरून धरणारा माणूस लागतो, आणि तो धायरीला राहतो."

मी टीव्हीकडेच बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघणं शक्य नव्हतं. बाबांनी फोन ठेवला आणि वही उघडून एकच शब्द लिहिला: 'ठेवला.' मग मला विचारलं, "उद्या तुझी बस किती वाजता परत येते?"